श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड आणि गावोगावची ग्रंथपेटी

थोर पुरुषांची चरित्रे मुलांस सांगताना आपण त्यांच्या लढाया, त्यांची भाषणे, त्यांचे कारावास यांचे वर्णन मोठ्या हौसेने करतो. कोणी कपाटाचे कुलूप काढून आतील पुस्तके लोकांपुढे मांडली, म्हणून त्याचे चरित्र लिहावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बडोद्याचे नरेश श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी आपल्या दीर्घ कारकीर्दीत इतकी कामे केली की, ती सर्व सांगू गेल्यास या वार्षिकाची पाने पुरावयाची नाहीत. त्यांपैकी बरीचशी पाठ्यपुस्तकांच्या द्वारे मुलांच्या कानी पडलेलीही असतात. म्हणून येथे आम्ही त्यांच्या ग्रंथालयविषयक कार्यालाच अग्रस्थान देणार आहोत. बाकीचे ओघाने येईल तेवढेच.

सन १८६३ च्या मार्च महिन्यात आजच्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात काशीराव गायकवाड यांच्या घरी या मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचेच, परंतु शाखा दूरची. घरची राहणी साध्या शेतकऱ्याची. गुरे, शेत, रान आणि भावंडे एवढेच त्याचे जग होते. वयाची बारा वर्षे होईतो या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते, ही गोष्ट आमच्या सातवीतील विद्यार्थ्यांनी क्षणभर ध्यानात घ्यावी. आज ज्या वयात ते तीन भाषा वाचतात, त्या वयात हा भावी राजा 'श्री' काढावयास शिकला नव्हता.

सन १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले. दिवंगत खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या भाऊबंदांतील मुले पाहण्यात आली, त्यांतून गोपाळरावाची निवड झाली, आणि २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव या नावाने गादीवर बसला. राज्यकारभार सर टी. माधवराव या दिवाणांकडे होता. मुलाच्या शिक्षणाचे काम एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. राजवाड्यातच लहानशी शाळा निघाली. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा या मुलाला एकदम शिकाव्या लागल्या. उशिरा आरंभ केलेल्या विद्यार्थ्याला किती कष्ट पडतात हे शिक्षकांना सांगावयास नको. परंतु ज्याला अक्षरे अनायासे मिळतात त्याला त्यांचे मोल वाटत नाही. ज्याला ती बाराव्या वर्षी, समजत्या वयात मिळतात, त्याला अक्षरावाचूनचा अंधारही आठवत असतो. सयाजीरावांच्या पुढील सर्व शिक्षणकार्याचे मूळ आम्हांला येथे दिसते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. सन १८९३ मध्ये त्यांनी काठेवाडातील अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले, आणि १९०६ साली ते साऱ्या राज्यास लागू केले. मुलगे सात ते बारा वर्षांचे आणि मुली सात ते दहा वर्षांच्या, अशी वयोमर्यादा ठरली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दंड होई, आणि त्यामुळे खेड्यापाड्यांतून पुष्कळ कुरकुर झाली. गरिबाच्या घरी सात वर्षांचे मूल म्हणजे दोन काम करणारे हात असतात. ते हात सरकार शाळेत कोंडते आणि वर दंडही घेते, असे त्या बापास वाटल्यास त्यात नवल ते काय? तथापि ब्रिटिश हिंदुस्थानात ज्या गोष्टीस सरकार धजले नव्हते ती गोष्ट एका संस्थानाने करून दाखविली होती. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्या वादात बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. विधेयक नामंजूर झाले. उदाहरण मात्र राहिले.

आता खरी अडचण पुढे आली. सात वर्षांची मुलगी शाळेत आली, दहाव्या वर्षी शाळेतून गेली. त्या तीन वर्षांत ती वाचावयास शिकली खरी. पण घरी गेल्यावर तिने वाचावे काय? घरात छापलेला कागद म्हणजे फार तर पंचांग. दोन-चार वर्षांत अक्षरे पुसट होत आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कोकणच्या किनाऱ्यावर हे चित्र आपल्याला अनोळखी वाटावयाचे नाही. चौथी करून रापणीवर गेलेला, किंवा मुंबईच्या गिरणीत लागलेला आणि पुढे पत्र वाचून घेण्यासाठी दुसऱ्याचे दार ठोठावणारा माणूस आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघर होता. प्रभू येशूच्या दृष्टान्तातील पेरणाऱ्याचे काही बी खडकाळीवर पडले. ते लगेच उगवले, पण मूळ नसल्यामुळे वाळून गेले. बडोद्याच्या सक्तीच्या शिक्षणाचे तसेच होण्याचे भय होते. शाळा उगवण करी; ओलावा कोणी द्यावयाचा हा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर राजवाड्यातून येण्याच्या आधी एका शाळामास्तराच्या हातून निघू लागले होते, हे सांगताना आम्हांला धंद्याचा थोडा अभिमान वाटतो. चरोतर प्रांतातील मोतीभाई अमीन या शिक्षकाने मित्रमंडळ या नावाने गावोगावी वाचनालये काढण्याचा उद्योग आरंभिला होता. थोडी वर्तमानपत्रे, थोडी पुस्तके, एखाद्या धर्मशाळेची किंवा शाळेची खोली, एवढ्यावर त्यांचे काम चाले. पुढे महाराजांनी या मनुष्यास आपल्या ग्रंथालय खात्यातच घेतले. राजाची दृष्टी आणि मास्तराची चिकाटी यांची अशी गाठ क्वचितच पडते.

महाराज स्वतः १९०६ आणि १९१० अशा दोन वेळा अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी कारखाने पाहिले, विद्यापीठे पाहिली, परंतु त्यांच्या मनात विशेष भरली ती तेथील सार्वजनिक ग्रंथालये. मजूर, दुकानदार, शाळकरी मुले ही कोणाची परवानगी न मागता आत येतात, फळीवरचे पुस्तक स्वतः काढून पाहतात, आणि पैसा न देता घरी नेतात, हे दृश्य येथील माणसाला त्या काळी अद्भुतच वाटले असेल. आमच्या रत्नागिरीत १८२८ पासून नगरवाचनालय आहे, आणि महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या ग्रंथालयांत त्याची गणना होते; पण त्या काळची अशी सर्व ग्रंथालये शहरातील वर्गणीदार मंडळींच्या आधारावर चालत. गावच्या न शिकलेल्या माणसाकडे ग्रंथालयानेच चालत जावे, ही कल्पना नवीन होती.

न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना महाराजांनी बडोद्यास बोलाविले. १९१० च्या अखेरीस ते आले आणि १९१३ पर्यंत राहिले. बोर्डन हे मोठ्या अनुभवाचे गृहस्थ होते. कटर आणि ड्यूई या ग्रंथालयशास्त्राच्या दोन्ही आचार्यांच्या सहवासात त्यांनी काम केले होते. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन झाले. महाराजांनी आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ त्यास देऊन टाकिले. राजेरजवाड्यांच्या ग्रंथसंग्रहांचे बहुधा काय होते ते सर्वांस ठाऊक आहे: चामड्याची बांधणी, सोनेरी नावे आणि आत वाळवी. या संग्रहाचे भाग्य निराळे होते. ग्रंथालय सर्वांस खुले, वर्गणी नाही, फळीपर्यंत जाण्यास मज्जाव नाही. स्त्रियांसाठी वेगळी सोय होती. मुलांसाठी स्वतंत्र बालविभाग होता, आणि त्यात चित्रांच्या पुस्तकांबरोबर खेळही ठेविलेले असत. खेळावयास आलेले मूल कंटाळले की हात लांब करून पुस्तक घेईल, हा त्यातील हेतू. ज्याला मुलांचा स्वभाव कळतो त्याचीच ही योजना, असे आम्ही म्हणतो. ज्यांना वाचताच येत नाही अशांकरिता जादूचा कंदील व चलच्चित्रे घेऊन गावोगाव फिरणारी एक शाखाही होती.

परंतु शहराचे ग्रंथालय कितीही उत्तम असले तरी २० लाख वस्तीच्या राज्यातील बहुतेक प्रजा खेड्यांतच राहत होती. खेड्यांसाठी महाराजांनी जी पद्धत घातली तीत त्यांचा व्यवहारीपणा दिसून येतो. गावाने स्वतः काही रक्कम जमवावी; तितकीच रक्कम प्रांतपंचायतीने घालावी; आणि तितकीच सरकारने द्यावी. गावाने काहीच न दिल्यास कोणीही काही देणार नाही. इमारत बांधावयाची असली तरी हाच तिहाईचा नियम. फुकट मिळालेल्या वस्तूची गावाला किंमत राहत नाही, आणि सगळाच भार गावावर टाकल्यास काम उभेच राहत नाही. दोन्ही धोके या हिशेबाने टळले. थोड्याच वर्षांत अशी ग्रामवाचनालये शेकड्यांनी निघाली. पुष्कळ ठिकाणी ती शाळेच्याच एका खोलीत असत, आणि गावचा मास्तर हाच त्यांचा ग्रंथपाल असे.

ज्या गावाला एवढेही जमत नसे त्याच्यासाठी होती फिरती ग्रंथपेटी. आमच्या मते साऱ्या योजनेतील हा सर्वांत गोड भाग होय. लाकडाची मजबूत पेटी, आत सुमारे पंधरा ते तीस पुस्तके. ती बडोद्याहून निघावी, आगगाडीने, बैलगाडीने मजल दरमजल करीत एखाद्या आडगावी पोहोचावी, तेथे काही काळ राहावी आणि मग परत जाऊन दुसरी यावी. ने-आणीचा खर्च सरकारचा. गावास दमडीचाही भुर्दंड नाही. आरे-वारे, काळबादेवी, नेवरे येथून आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या पालकांनी कल्पना करून पाहावी. साखरतरच्या खाडीवर पूल नव्हता, डोंगराच्या कड्यावरून आज मोटारी धावतात तो रस्ता नव्हता, अशा काळी होडीतून एक पेटी आरे-वारेच्या पुळणीवर उतरली आहे, सुरूच्या सावलीत ती उघडली आहे, आणि आत पोरांसाठी गोष्टी, बायांसाठी बालसंगोपनाचे पुस्तक, शेतकऱ्यासाठी आंब्याच्या कलमांची माहिती आहे! आपल्याकडे अशी पेटी आली नाही. चरोतरातील आणि काठेवाडातील खेड्यांत ती आली, आणि तीही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी.

पेटी गेली, पण आतील पुस्तके कोणत्या भाषेत? इंग्रजी ग्रंथ घेऊन कुणब्याच्या मुलाने काय करावे? हे महाराजांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही. सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला या दोन मालांतून मराठी व गुजराती भाषांत चरित्रे, शास्त्रे, इतिहास, प्रवास अशा विषयांची पुस्तके मुद्दाम लिहवून प्रसिद्ध करण्यात आली. जुन्या हस्तलिखितांचा संग्रह करून १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघू लागली, तिचे नाव आजही विद्वानांत आदराने घेतले जाते. बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवणारा हा मुलगा १९३२ साली कोल्हापूर येथे मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला.

येथे ग्रंथपालांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. बोर्डन यांनी बडोद्यास आल्यावर पुस्तकांची मांडणी लावण्याबरोबरच १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्गही काढला. हिंदुस्थानात असा वर्ग पूर्वी कोणी काढला नव्हता. डॉ. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते १९२४ साली; तेव्हा बडोद्याचा वर्ग तेरा वर्षांचा जुना होता. बोर्डन गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी व पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी ते खाते चालविले. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे नियतकालिक निघे, आणि खेड्यातील मास्तराला कपाट कसे लावावे, नोंद कशी ठेवावी हे त्यातून कळे. पुस्तके राखणारा तो ग्रंथपाल, ही आपल्याकडील जुनी समजूत. बडोद्यात पुस्तके देणारा तो ग्रंथपाल ठरला. फरक एका क्रियापदाचा आहे, पण मुलाच्या आयुष्यात तो केवढा मोठा! आजही पुष्कळ शाळांतून ग्रंथपाल अर्धवेळ असतो, अथवा मुळीच नसतो, आणि किल्ली ज्या शिक्षकाकडे असते त्याला हरवलेल्या पुस्तकाचे भय वाचलेल्या पुस्तकाच्या आनंदाहून अधिक असते. अशा शाळेतील पुस्तके वर्षअखेरच्या तपासणीत अगदी बरोबर भरतात. ती एकाही मुलाने नेलेली नसतात.

एक शिक्षक आणि एक पुस्तक काय करू शकते याचे उदाहरण महाराजांच्याच चरित्रात गुंफलेले आहे. मुंबईच्या विल्सन हायस्कुलात, म्हणजे मिशनच्याच शाळेत, कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक होते. ते मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. हा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडे. चर्नी रोडच्या बागेत ते वाचीत बसत. तेथे एक मुलगाही रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची विचारपूस केली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले, आणि पुढे पैशाअभावी त्याचे शिक्षण अडू लागले तेव्हा त्यास सयाजीराव महाराजांकडे नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले. हा मुलगा म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावच्या सुभेदार रामजी सकपाळ यांचा पुत्र, डॉ. भीमराव आंबेडकर.

हा भाग येथेच थांबविला असता तर चरित्र फार गोड झाले असते. परंतु मुलांपुढे अर्धे सत्य ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९१७ साली आंबेडकर परत आले आणि कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्यांची पुस्तके निराळ्या बोटीने येत होती. महायुद्धात ती बोट पाणबुडीने बुडविली आणि विद्यार्थिदशेतील सारी ठेव समुद्रात गेली. त्याहून मोठे दुःख बडोद्यात वाट पाहत होते. ज्या राजाने त्यांना शिकविले त्याच राजाच्या राजधानीत त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात नाव बदलून ते राहिले. ते उघडकीस येताच काठ्या घेतलेली माणसे येऊन त्यांनी त्यांना बाहेर काढिले. दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू होता, त्याने नोकरांची सबब सांगितली. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने पत्नी गावाहून आल्यावर तिचा विचार घेतो असे म्हणून वेळ मारून नेली. तो आमच्या धर्माचा होता, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. उपासनामंदिरात एका पेल्यातून पिणाऱ्या लोकांनी ती विसरू नये. आंबेडकर सार्वजनिक बागेत जाऊन बसले, तेथे त्यांना रडू आले, आणि ते मुंबईस परतले. महाराजांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा काढल्या होत्या, शिष्यवृत्त्या दिल्या होत्या, कायदे केले होते. पण हुकमाने शाळा उघडते, शेजाऱ्याचे दार उघडत नाही. महाराजांच्या थोरवीला याने बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. त्या थोरवीची हद्द कोठे होती एवढेच यावरून कळते.

महाराजांच्या इतर कार्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर १८८१ साली बडोद्यास महाविद्यालय निघाले, १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, न्यायखाते व मुलकी खाते वेगळे करण्यात आले, बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांनी बादशहास योग्य रीतीने मुजरा केला नाही म्हणून इंग्रजांत मोठा गहजब उडाला. ते युरोपात वर्षानुवर्षे राहत आणि राज्य दिवाणांवर सोपवीत, असा आक्षेप त्यांच्यावर तेव्हाही होता; तो अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र प्रकृतीचा जाच त्यांना होता, आणि घरचे दुःखही कमी नव्हते. प्रथम पत्नी चिमणाबाई १८८५ साली वारल्या. फत्तेसिंगराव, शिवाजीराव व जयसिंगराव हे तीन तरुण पुत्र एकामागून एक डोळ्यांदेखत गेले. एवढे आघात सोसूनही त्यांनी वाचन सोडले नाही. प्रवासात पुस्तके आणि वाचून दाखविणारा माणूस त्यांच्याबरोबर असे.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचा अंत झाला. गादी नातू प्रतापसिंहराव यांच्याकडे गेली. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० पासून ते शहर गुजरात राज्यात आहे. ग्रंथालयांची ती साखळी संस्थानाबरोबर पूर्वीसारखी राहिली नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, म्हणजे महाराजांनी आपला संग्रह लोकांस दिल्यानंतर अर्ध्याहून अधिक शतकाने. बडोद्याच्या मांडवी भागात मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत मात्र अद्याप उभी आहे. तिच्या ग्रंथदालनातील मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरच्या मजल्यावरील उजेड खालच्या फळ्यांपर्यंत पोहोचावा म्हणून.